सीए रिपोर्ट येईपर्यंत

पोलिसांनी पकडलेल्या पुडीत खरोखर अमली पदार्थ आहे का, हे सांगतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. मुंबईतला नमुना कलिन्याच्या प्रयोगशाळेत रांगेत लागतो. आरोपी त्याआधीच कोठडीत पोहोचलेला असतो.

1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत असेल तर मात्रा ‘अल्प’, 250 ग्रॅमच्या वर गेली की ‘व्यावसायिक’. व्यावसायिक मात्रा म्हटली की कलम 37 मुळे जामीन दुरापास्त होतो. एरवी आरोपपत्राला 60 किंवा 90 दिवस मिळतात, इथे 180; सरकारी वकिलांच्या अहवालावरून न्यायालय ही मुदत वर्षापर्यंत वाढवू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निकालात काढलेल्या एका प्रकरणातला आरोपी खटल्याची वाट पाहत 12 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता! त्याच निकालात न्यायालयाने प्रयोगशाळांच्या अपुऱ्या क्षमतेची दखल घेतली. नमुन्याची फेरतपासणी हवी असल्यास अहवाल मिळाल्यापासून 15 दिवसांत अर्ज करावा, असेही बजावले.

अर्जदाराला मुदत, मग प्रयोगशाळेच्या दिरंगाईचे काय? पुडीत काहीच निघाले नाही, तरी बुडालेली मजुरी भरून मिळत नाही. विश्लेषकांची पुरेशी पदे भरणे सरकारच्या हातात आहे आणि रखडलेला अहवाल जामिनाच्या वेळी विचारात घेणे न्यायालयांच्या.