वारसा घर घेताय? आधी भिंत बघा!

मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी वेगळे नियम आहेत. श्रेणी १, २ आणि ३. लोक मात्र कोरीव खांब बघून भुलतात, श्रेणी विचारतच नाहीत! श्रेणी १ ला हात लावणं जवळजवळ अशक्य, ३ ला बऱ्यापैकी मोकळीक. भाडेकरू किती, हेही विचारा. त्यांना कायद्याचं संरक्षण असतं. पण आम्हा सिव्हिलवाल्यांसाठी खरा प्रश्न भिंतीचा. चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आतच कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. दुरुस्ती चुन्यातच हवी. त्याला वेळ लागतो, जाणता गवंडीही लागतो. एवढी तयारी नसेल, तर असं घर लांबूनच बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बघा पटतंय का!