टीप कुणाच्या हातात पडते?

खाण्यापिण्याविषयी लिहिते म्हटल्यावर वाचक मला पदार्थांइतकंच टीपबद्दल विचारतात. किती द्यावी? दहा टक्के पुरेत का? सर्व्हिस चार्ज भरला असेल तर पुन्हा वेगळी द्यायची का? या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. आपण ठेवलेले पैसे ज्याने आपल्याला वाढलं त्याला मिळतात का?

पूर्वी हे विचारायची वेळ येत नव्हती. बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे परत यायचे, त्यातले दहा-वीस आपण ठेवायचो आणि वेटर ते उचलायचा. आता टेबलावर स्कॅनर असतो. बिल ३८७ रुपये झालं की आपण ३८७ भरतो आणि उठतो. सुटे परत येत नाहीत, म्हणून मागे ठेवलेही जात नाहीत. काही जण भल्या मनाने ४२० भरतात. पण ते ४२० मालकाच्या खात्यात जमा होतात. रात्री गल्ल्याचा हिशेब लावताना वरचे ३३ कुणी वेगळे काढून वेटरला देईल, याची खात्री आपल्याला देता येत नाही. यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. तरी शहरात एकटा राहून गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाची रोजची मिळकत आपल्या सोयीमुळे घटते, आणि ते मला खटकतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की बिल हवं तसं भरा, टीप मात्र नोटेने द्या आणि हातात द्या. पाकिटात दहा, वीस, पन्नासच्या थोड्या नोटा ठेवायची सवय लावून घ्या. नोट नसेल तर वेटरला त्याचा स्वतःचा नंबर विचारा. बहुतेकांच्या फोनवर आता पैसे घेता येतात, आणि विचारण्यात संकोच वाटावा असं काही नाही.

आता किती द्यावी. टक्क्यांचा हिशेब मला आपल्याकडे पटत नाही. अडीचशे रुपयांच्या थाळीला बसलात तर वाढपी तुमच्या ताटापाशी किती वेळा येतो ते पाहा. गरम पोळी, आमटी, पुन्हा भाजी, कोशिंबीर, शेवटी भात आणि तूप. दहा टक्क्यांनी त्याला मिळतात २५ रुपये. मोठ्या हॉटेलात १८०० रुपयांच्या बुफेला आपणच उठून ताट भरतो, वेटर पाणी देतो आणि रिकाम्या ताटल्या नेतो. तिथे त्याच दहा टक्क्यांनी १८० होतात. जेवणाचा दर जागेच्या भाड्यावर आणि झुंबरांवर ठरतो. वाढणाऱ्याच्या पायांना पडणारे कष्ट त्या दरात मोजलेले नसतात. म्हणून स्वस्त जागी टक्क्यांच्या वर जावं आणि महाग जागी टक्क्यांच्या खाली राहिलं तरी चालेल.

मी स्वतः थाळीच्या किंवा मिसळीच्या जागी माणशी निदान वीस रुपये देते. चौघांचं कुटुंब नेहमीच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवलं तर शंभर. महागड्या ठिकाणी बिलाच्या पाच टक्क्यांपासून दहापर्यंत, त्याहून जास्त नाही. वाढदिवसाला पंधरा जण तीन तास टेबलं अडवून बसले असतील, लहान मुलांनी भात सांडला असेल, तर पाचशेची नोट जड वाटू देऊ नये. अ‍ॅपवरून चाळीस टक्के सूट मिळाली असेल तर टीप सुटीच्या आधीच्या रकमेवर ठरवावी, कारण वाढणाऱ्याने कामात सूट घेतलेली नसते. जेवण उशिरा आलं म्हणून टीप कापू नये. उशीर बहुतेक वेळा भटारखान्यात होतो आणि बोलणी वेटर खातो. तो उद्धटपणे वागला असेल तर मात्र काही न देता उठावं, आणि मनाला लावून घेऊ नये.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे, आणि मुलांकडे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या आईवडिलांनी ती आधी समजून घ्यावी. तिथे संघराज्याच्या कायद्याने टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. ७.२५ डॉलरच्या किमान वेतनापर्यंतची उरलेली भर टीपमधून होईल असं धरलेलं असतं. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ही सवलत देत नाहीत, तरी अठरा-वीस टक्क्यांची रीत तिथेही आहे. तेव्हा तिथे रुपयांत हिशेब करून हात आखडू नये. आणि ती पद्धत इकडेही आणू नये. आपल्याकडे पगार देणं ही पूर्णपणे मालकाची जबाबदारी आहे, ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्याचा कुठलाही मार्ग मला मान्य नाही.

सर्व्हिस चार्ज हा तसलाच मार्ग आहे. अजूनही अनेकांना तो सरकारी कर वाटतो. तो सरकारला जात नाही, हॉटेलकडेच राहतो. बिल २००० रुपये असेल तर दहा टक्क्यांचे २०० त्यात मिळवतात, आणि पाच टक्के जीएसटी २२०० वर लावतात. २१०० च्या जागी आपण २३१० भरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हा आकार आपोआप बिलात घालायला मनाई केली. हॉटेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मनाई योग्य ठरवली. संघटनांनी त्यावर अपीलही केलं आहे. तुमच्या बिलात हा आकार दिसला तर तो काढायला सांगा. काढला नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. फक्त एक करा. काढून घेतलेल्या दोनशेंपैकी शंभर तरी वेटरच्या हातात द्या. नाहीतर हक्काच्या भांडणात तुमचे पैसे वाचतात आणि रिकाम्या हाताने परततो तो वेटर.

कार्डावर दिलेल्या टीपबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात स्पष्ट केलं, की ती कर्मचाऱ्याचा पगार नाही. मालक ती गिऱ्हाइकाकडून विश्वस्त म्हणून घेतो आणि कर्मचाऱ्यांना पोचवतो. हा प्राप्तिकराचा खटला होता, पण तत्त्व मोलाचं आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून यासाठी कायदाच लागू केला. टीप कापून न घेता पूर्णपणे कामगारांना द्यायची आणि वाटप न्याय्य ठेवायचं. आपल्याकडेही असा कायदा हवा. तो येईपर्यंत हॉटेलवाल्यांना टीपसाठी वेगळा स्कॅनर ठेवणं अवघड नाही.

हातात टीप देण्यात एक उणीव आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. मोरीवर भांडी घासणारा मुलगा आणि पोळ्या लाटणाऱ्या बाई टेबलापर्यंत येतच नाहीत. काही हॉटेलांत सगळ्यांचा मिळून एक डबा असतो आणि ठरलेल्या दिवशी तो वाटला जातो. तसा डबा आहे का, त्यात भटारखान्याचा वाटा आहे का, हे मी वेटरलाच विचारते. मालकासमोर विचारत नाही. वेटर आनंदाने हो म्हणाला तर मी डब्यात टाकते. तो चाचरला, तर नोट त्याच्याच हातात देते.