मनाची रोजकीर्द

फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. अ‍ॅरन बेक यांना १९६०च्या दशकात आढळले की, नैराश्यग्रस्त रुग्णांच्या मनात काही वाक्ये आपोआप उमटतात आणि रुग्ण ती तपासल्याविनाच खरी मानतात. त्यांच्या उपचारपद्धतीत पुढे रकाने आखले जाऊ लागले : प्रसंग, भावना, विचार आणि त्या विचाराला पडताळून दिलेले उत्तर.

व्यापाऱ्याला ही रीत परकी वाटू नये. एक उधारी थकली की तो रात्रभर घोकत राहतो, ‘सारे बुडाले.’ हेच वाक्य कागदावर उतरवून शेजारी खातेवही उघडली, तर थकलेले खाते एकच निघते. ‘सारे’ कोणत्याच पानावर नसते. थकबाकी खरी, तिची चिंताही रास्त. परंतु आता त्या गिऱ्हाइकाशी बोलावे, हे सुचते. रात्री तेवढेही सुचले नव्हते.