वही उघडी, खातेदार नव्हे

क्रिप्टो व्यवहारांवरच्या पाळतीचा विषय निघाला की दोन पक्ष तावातावाने भांडू लागतात. एक म्हणतो, "ब्लॉकचेनवरची प्रत्येक नोंद साऱ्या जगाला दिसते. जे दिसते ते पाहायला परवानगी कशाला हवी?" दुसरा म्हणतो, "आमच्या वॉलेटकडे सरकारने नजर टाकणे हेच मुळात पाप." दोघेही चूक आहेत. पण दुसऱ्याच्या हाती सत्ता नाही. पहिल्याच्या पाठीशी पोलीस, करखाते आणि माग काढून देण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. म्हणून दुसऱ्याला थोडक्यात उत्तर देऊ आणि पहिल्याचा समाचार सविस्तर घेऊ.

'वेलकम टू व्हिडिओ' या संकेतस्थळावर बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या चित्रफिती बिटकॉइन घेऊन विकल्या जात. त्या बिटकॉइनचा माग काढत तपास दक्षिण कोरियातील चालकापर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये कारवाई जाहीर झाली तेव्हा ३८ देशांत ३३७ जणांना अटक आणि किमान २३ मुलांची सुटका झाली होती. 'सिल्क रोड' या अमली पदार्थांच्या बाजाराचा तपास करताना दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन लाटले. २०१५ मध्ये त्यांच्याविरुद्ध खटला उभा राहिला तो ब्लॉकचेनवरच्या नोंदींच्या साहाय्याने. वर्दीतल्या चोरालाही पकडणारे हे साधन मोडीत काढा म्हणणाऱ्यांकडे या दोन प्रकरणांना उत्तर नाही.

आता पहिला पक्ष. 'सगळे जाहीरच आहे' हे त्याचे ब्रह्मास्त्र. पण जाहीर नेमके काय आहे? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये आलेल्या मूळ निबंधातच ही वाटणी स्पष्ट केली होती: रक्कम आणि तिचा प्रवास सर्वांसमोर, मात्र त्यामागचा माणूस पडद्याआड. २०१३ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी हा पडदा किती विरळ आहे ते दाखवले. एकाच व्यवहारात एकत्र खर्च झालेले पत्ते बहुधा एकाच मालकाचे असतात, या साध्या तर्काने त्यांनी पत्त्यांचे गट पाडले. पुढच्याच वर्षी चेनॅलिसिस ही कंपनी निघाली आणि त्या तर्काचा धंदा झाला.

यात तीन वेगळी कृत्ये एकाच नावाखाली खपवली जातात. नोंद वाचणे, नोंदींचे गट पाडणे आणि गटाला माणसाचे नाव चिकटवणे. पहिले दोन कोणीही खुशाल करावे. तिसरे मात्र उघड्या वहीवरून होतच नाही. नाव असते एक्स्चेंजच्या केवायसी कागदपत्रांत, आणि ती ग्राहकाने दिलेली असतात कायद्याने भाग पाडले म्हणून. नेटवर्कवर स्वतःचे नोड पेरून वापरकर्त्यांचे आयपी पत्ते टिपणे हा प्रकार तर त्याहून वेगळा. आयपी पत्ता ब्लॉकचेनवर लिहिलेलाच नसतो. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले की, बदलता आयपी पत्ताही व्यक्तिगत माहिती ठरू शकतो.

अमेरिकेच्या पाचव्या सर्किट न्यायालयाने मात्र २०२० मध्ये ग्रॅटकोव्स्की खटल्यात पहिल्या पक्षाला कौल दिला. बिटकॉइनच्या नोंदींवर आणि एक्स्चेंजकडच्या माहितीवर खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही, असा तो निकाल. त्याआधी दोनच वर्षे, मोबाइलच्या दीर्घकाळाच्या ठावठिकाण्यासाठी न्यायालयाचे वॉरंट हवे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. मोबाइलवाचून आज जगता येत नाही, बिटकॉइनवाचून येते, असा फरक सर्किट न्यायालयाने केला. फरक खरा आहे, निष्कर्ष खरा नाही. मोबाइल कंपनीची नोंद कधीतरी पुसली जाते. ब्लॉकचेनवरची नोंद पुसता येत नाही. एका पत्त्याला एकदा नाव चिकटले की त्या माणसाचा मागचा आणि पुढचा व्यवहारही उलगडत जातो. जी गाठ कायमची बसते, ती बांधताना अधिक काळजी हवी की कमी?

'ज्याला लपवायचे काही नाही त्याला भीती कसली?' हा पुढचा सवाल. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजने जाहीर केले की, लाच घेतलेल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांकडून ग्राहकांची नावे, पत्ते आणि ओळखपत्रांच्या प्रतिमा बाहेर गेल्या. नाव आणि वॉलेट यांची गाठ एकदा बसली की ती पोलिसांना दिसते तशीच दरोडेखोरालाही. इथे लपवायचे असते ते पाप नव्हे, तिजोरी.

तिसरा दावा शास्त्राचा: 'सॉफ्टवेअर खोटे बोलत नाही.' कॉइनजॉइन व्यवहारात अनेक अनोळखी माणसे आपापली नाणी मुद्दाम एकत्र खर्च करतात. तिथे 'एकत्र खर्च म्हणजे एक मालक' हा तर्क चुकतो. 'बिटकॉइन फॉग' या बिटकॉइनचा माग लपवून देणाऱ्या सेवेच्या खटल्यात चेनॅलिसिसच्या साक्षीदाराला त्यांच्या साधनाच्या अचूकतेचा शास्त्रीय पुरावा विचारला गेला, तेव्हा तसा पुरावा आपल्याला माहीत नसल्याचे उत्तर आले. तरीही न्यायालयाने ते विश्लेषण स्वीकारले. अंदाज तपासाला दिशा देतो. शिक्षेचा आधार व्हायचे तर त्याला उलटतपासणीला उभे राहावेच लागेल.

आपल्याकडे काय? ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. ग्राहकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांना बंधनकारक झाले. हे योग्यच. पण माहिती मागवायला न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात शिरायचे तर कायदा, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता हवी असे बजावले. पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात; तिसरीचे काय? अंकुश का हवा, याचे उदाहरण घरचेच आहे: 'गेनबिटकॉइन' या क्रिप्टो-गुंतवणूक फसवणुकीच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली, आरोपींच्या वॉलेटमधले चलन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपाखाली. आरोप सिद्ध होवोत न होवोत, पाहणाऱ्यावर नजर कोणाची, हा प्रश्न त्यांनी आपल्या दारात आणून ठेवला.

म्हणून मंडन असे. वही सर्वांनी वाचावी. नाव मागायचे तर ठरावीक गुन्हा, ठरावीक पत्ता आणि कारणे नोंदवलेला न्यायालयीन आदेश हवा. सरसकट याद्या नकोत. हे अशक्य नाही. अमेरिकी करखात्याने कॉइनबेसच्या सुमारे ५ लाख ग्राहकांची माहिती मागितली होती, वाद न्यायालयात गेल्यावर २०१७ मध्ये ती सुमारे १४ हजारांवर आली. विश्लेषणाची पद्धत बचाव पक्षाला तपासू द्यावी. खासगी तज्ज्ञाने काय पाहिले, केव्हा पाहिले याची नोंद राहावी. निर्दोष ठरलेल्याला पाळतीची माहिती कळवावी.

"तोवर चोर पैसा घेऊन पसार होईल," ही शेवटची हरकत. ती रास्त आहे, म्हणूनच एक्स्चेंजवरची रक्कम तात्काळ गोठवण्याची मुभा असावी आणि आदेश काही दिवसांत घ्यावा. रक्कम अडवण्याची घाई समजू शकते. रक्कम अडकल्यावर मात्र ती कुठेही जात नाही. मग नाव उघडण्यापूर्वी न्यायाधीशापुढे उभे राहायला तपास यंत्रणेला वेळ नाही, असे म्हणता येणार नाही.