वारसा हवा, वारस नको?

औरंगाबादच्या जुन्या शहरातली एक हवेली विकली गेली. सरकारी कागदावर शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. हवेलीचं मात्र 'बुटीक हॉटेल' होणार. चहाच्या टपरीवर लगेच दोन गट पडले. एक म्हणतो, 'चला, निदान पाडणार तरी नाहीत.' दुसरा म्हणतो, 'आपलं सगळंच हिसकावून घेतायत.' मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी हवेली वाचली म्हणून खूश असणाऱ्यांशी. काय वाचलं? दारात राजस्थानी फेटा बांधलेला दरबान, जेवायला 'राजवाडी थाळी' आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि पुढे पोपडे निघतात. इतिहासावर थापलेल्या गिलाव्याचंही तेच होतं.

हे शहर १६१० साली खडकी या नावाने वसवलं मलिक अंबरने. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. जमिनीखालच्या नळांतून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. पाहुण्यांना चौकातला हौद कौतुकाने दाखवणार, मग या शहरात पाणी कुणी खेळवलं ते सांगायला जीभ का अडखळते? नान-खलिया रांधणारे हात याच गल्लीत आहेत. त्यांना हॉटेलात काम मिळणार, की गाड्या लावायला अडचण होते म्हणून त्यांचेच ओटे उठवणार?

आता आपल्या माणसांशी. ही हवेली कुणी हिसकावली नाही, घरच्यांनीच विकली. त्याआधी भावाभावांनी मधे भिंती घातल्या, नक्षीचे दरवाजे भंगारात घातले, कोर्टात वर्षानुवर्षं घालवली. आणि बहिणी? कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा नेमून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. तेवढाही आपण देत नाही. शरीयत वाचवायला मोर्चात पुढे असणारे कितीतरी जण ईदला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवतात. ती माहेर तुटू नये म्हणून सही करते. तिला विचारलं असतं, तर कदाचित तीच म्हणाली असती, 'विकू नका, दोन खोल्या दुरुस्त करून आपणच पाहुणे ठेवू.'

वारसा आणि वारस, दोन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे. हॉटेलवाल्याला वारसा हवाय, पण हे शहर वसवणाऱ्याचं नाव आणि शेजारचा मोहल्ला नको. आपल्यालाही वारसा हवाय, पण बहीण नको. मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

हॉटेल खुशाल होऊ द्या. दारावर मलिक अंबरचं आणि हवेली बांधणाऱ्या घराण्याचं नाव लागावं, भिंतीला चुना लागावा, नोकरीला आधी मोहल्ल्यातली मुलं-मुली लागावीत. ही मागणी घेऊन आपण सगळे जाऊ, मीही येईन. फक्त निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या घराचं मालमत्ता पत्रक काढून त्यावर बहिणीचं नाव आहे का, ते बघून यावं.