विज्ञानमालिकांचा प्रेक्षक आणि वगाची परंपरा

मराठी समीक्षेने वाचक-प्रेक्षकाचा विचार बहुधा ‘आस्वादक’ या एकाच संज्ञेने केला. कलाकृती आधी पूर्ण होते, मग ती त्याच्या हाती येते आणि तिचा आस्वाद घेणे एवढेच त्याचे काम उरते, असे हे गृहीत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांचा चाहतावर्ग आणि टेबलाभोवती बसून खेळले जाणारे भूमिकानाट्याचे खेळ यांनी या गृहीताला धक्का दिला. हे दोन्ही प्रकार परदेशी, म्हणून उपरे, अशी त्यांची बोळवण करण्याची प्रवृत्ती दिसते. ती तपासून पाहण्यासाठी अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, ही अनपेक्षित परंतु योग्य भूमी ठरते.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. ती बंद पडण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम उभारली आणि तिसऱ्या पर्वाचा मार्ग मोकळा झाला. १९६७ मध्ये चाहत्यांनीच ‘स्पॉकॅनेलिया’ हे अनियतकालिक काढून मालिकेतील पात्रांविषयी स्वतःचे लेखन प्रसिद्ध केले. त्याच दशकात मराठीतही अनियतकालिकांची चळवळ बहरात होती. दोन्हींची प्रयोजने भिन्न होती. मात्र प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेच्या परवानगीवाचून लिहिण्याची ऊर्मी दोन्हीकडे समान होती.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ने हाच प्रकार अंतराळात नेला. एक सूत्रधार प्रसंग मांडतो. प्रत्येक खेळाडू एका पात्राचे सोंग घेतो आणि त्या पात्राच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. निर्णयाचे फळ काय, हे पुष्कळदा फाशांवर ठरते. कथानकाची चौकट असते, पण संवाद आणि शेवट आधी लिहिलेले नसतात.

योगायोग असा की, याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने हा प्रवाह पुष्ट झाला. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न एका अर्थाने मिटला. वाचकाचा प्रश्न मात्र मिटला नाही. विज्ञानप्रसाराच्या उद्दिष्टाशी बांधली गेल्यामुळे मराठी विज्ञानकथेने आपल्या वाचकाकडे प्रामुख्याने विद्यार्थी म्हणून पाहिले. विद्यार्थी शंका विचारतो. पण कथा पुढे नेण्याचा अधिकार आपला आहे, असे त्याला वाटत नाही. दूरदर्शनवर १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आणि १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी मालिका आल्या. त्या पाहून मराठी मुलांनी अंगणात जे खेळ रचले असतील, त्यांची दखल समीक्षेने घेतली नाही.

ही उपेक्षा नवी नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. पठ्ठे बापूरावांच्या फडात त्यांनी तमाशा गाजविला. पुढे कांताबाई सातारकर यांनी संगमनेरलाच आपले घर मानले. या परंपरेतील जुन्या वगाचे स्वरूप पाहिले असता साम्य चटकन ध्यानात येते. वगाचे कथानक ठरलेले असे; संवाद मात्र नट जागच्या जागी रचत. बतावणीत सोंगाड्या समोरच्या गावाचा रागरंग पाहून बोले आणि श्रोत्यांच्या प्रतिसादावर प्रसंग लांबे वा आटोपे. संहिता कागदावर नव्हती, म्हणून तिला साहित्य मानण्यास विद्वानांनी दीर्घकाळ नकार दिला.

नेवासे ही ज्ञानेश्वरीची भूमी. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटाचा विचारही येथे करावा लागतो. हे कर्तृत्व ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध होत नाही. परंतु कवड्या टाकून जीवाचा प्रवास खेळण्याची कल्पना मराठी मनाला परकी नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. मोक्षपटात मात्र खेळाडूला निवड नसते. शिडी चढणे आणि सापाच्या तोंडी पडणे हे दान ठरविते. भूमिकानाट्याच्या खेळात दान आणि निवड एकत्र येतात. म्हणून त्याचे खरे नाते पटापेक्षा वगाशी अधिक आहे.

या तुलनेला मर्यादा आहेत. वगाचा नट हा त्या कलेवर पोट असणारा, फडात घडलेला कलावंत होता. टेबलाभोवतीचा खेळाडू हौशी असतो आणि त्याला प्रेक्षकही नसतो. शिवाय चाहत्यांच्या उत्साहामागे बाजारपेठही उभी असते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु बाजारपेठ तमाशालाही होती. कनातीबाहेर तिकीट विकले गेले म्हणून आतली बतावणी खोटी ठरत नाही.

प्रश्न तुलनेपुरता नाही. तो जतनाचा आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे साठच्या दशकातील अनेक भाग बीबीसीने पुसून टाकले. त्या हरवलेल्या भागांचे ध्वनी आज उपलब्ध आहेत, ते प्रेक्षकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. ज्यांना केवळ आस्वादक मानले गेले, तेच जतनकर्ते ठरले. रात्रीगणिक बदलणाऱ्या बतावण्यांच्या वाट्याला असे जतन सहसा आले नाही.

नगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी म्हणूनच दोन कामे एकाच वेळी हाती घ्यावीत. वगाचे संवाद ज्यांच्या कानांत अजून आहेत, त्या वृद्ध कलावंतांच्या व श्रोत्यांच्या आठवणी मुद्रित कराव्यात. आणि दूरदर्शनच्या विज्ञानमालिकांवर वाढलेल्या पिढीच्या वह्या, चित्रे व खेळ यांचीही नोंद घ्यावी. पहिले काम लोकसाहित्याचे आणि दुसरे पोरखेळाचे, असा भेद करणे सोयीचे आहे, पण शास्त्रीय नाही. लिहिलेल्या संहितेपलीकडे कथा कशी जगते, हाच दोन्हींचा विषय होय. आणि त्यातील पहिल्या कामासाठी हाताशी असलेला काळ फार थोडा आहे.