गिझर बंद होता, तरी लाइट गेली

गणपती जवळ आले की तळेरे नाक्यावरच्या आम्हा वायरमनांना सगळ्यात जास्त फोन गिझरचे येतात. घर मे महिन्यापासून बंद. चाकरमानी पहाटे मुंबईहून उतरतात, अंघोळीसाठी गिझर लावतात आणि अख्ख्या घराची लाइट जाते. मग हुकूम ठरलेला: "तो डबो काढून टाक रे, लाइन डायरेक कर."

डबा म्हणजे आरसीसीबी, जुन्या लोकांचा ईएलसीबी. मी तो काढत नाही. त्यापायी गिऱ्हाइकं तुटतात, दुसरा कुणीतरी येऊन पाच मिनिटांत डायरेक करून जातो, हेही ठाऊक आहे. माझा राग आहे तो त्या दुसऱ्यावर.

गिझरच्या कॉइलमध्ये आतली तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती हवेतली ओल पिते. आमच्या पावसात भिंतींना बुरशी धरते. अख्खा पावसाळा थंड पडलेली कॉइल कोरडी कशी राहील? मग करंट गळतो. गळती 30 मिलीअँपिअरवर गेली की डबा पडतो, कारण त्याहून जास्त करंट छातीतून गेला तर जिवावर बेततं.

लोक म्हणतात, गिझरचं बटण बंद होतं तरी डबा पडला. पडेलच. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइल त्या बाजूने गळत असेल तर फ्रीज सुरू झाला तरी डबा पडतो. म्हणून पिनच उपसून बघायची. व्होल्टेजलाही उगाच शिव्या बसतात. व्होल्टेज उतरलं तर पाणी कोमट येईल, डबा पडणार नाही. एमसीबी पडत असेल तर गोष्ट वेगळी: तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर ओढतो. तो 6 अँपिअरच्या लाइनवर असेल तर वायर बदला. नुसता मोठा एमसीबी टाकलात तर वायर जळेल.

मला खरी भीती वाटते ती जिथे काहीच पडत नाही त्या घरांची. घर कातळावर, अर्थिंगचा खड्डा जांभ्यात कसाबसा खणलेला, मीठ-कोळसा कधी घातला ते कुणाला आठवत नाही. गळलेल्या करंटला जायला वाटच नसते. टाकी, नळ, शॉवर सगळं भारलेलं राहतं, आणि ओल्या पायांनी नळाला हात लावणारा माणूस ती वाट होतो. आरसीसीबी असला तर निदान तेव्हा तरी पडेल. डायरेक केलेल्या घरात पडायला काही उरलेलंच नसतं.

आरती चालू असताना गिझरपायी माटवीखाली काळोख झाला तर कुणीही वैतागेल, हे मान्य. त्यासाठी न्हाणीघराची लाइन मेनवरून वेगळी घ्या आणि तिला स्वतंत्र आरसीसीबी लावा. दोन-अडीच हजारांचं काम. मखराच्या रोषणाईवर याहून जास्त जातात.

नवं मीटर घेताना लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पुढे घरात गिझर येतो, पंप येतो, एसी येतो, तेव्हा कुणी विचारत नाही. निदान बंद घर उघडताना वायरमनला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, घेऊन बोलवा. कॉइल एक मेगओहमच्या खाली दाखवत असेल तर ती बदलेपर्यंत पाणी चुलीवर तापवा; न्हाणीतली चूल अजून बऱ्याच घरांत शाबूत आहे.